वावटळींत कोण असतें? खुलताबादच्या माळावरील व मंगळ ग्रहावरील धुळीविषयीं एक धडा



गेल्या वैशाखांत आम्ही वेरूळाहून घाट चढून खुलताबादेस जात होतों. ऊन डोक्यावर आलें होतें. घाटमाथ्यावर नांगरून ठेवलेलें एक मोकळें रान लागलें. त्या रानाच्या मधोमध एकाएकीं धुळीचा खांब उभा राहिला, गरगर फिरत रस्ता ओलांडून पलीकडे गेला, आणि दोन-तीन मिनिटांत जसा आला तसा नाहींसा झाला. आमच्याबरोबर वाटेनें एक बाई चालली होती व तिच्या कडेवर लेकरूं होतें. तिनें लगबगीनें लेकराच्या तोंडावर पदर घेतला, हें चांगलेंच केलें. परंतु लागलीच तिनें पायांतील चप्पल काढून वावटळीवर भिरकावली व ती तीनदां थुंकली.

"बाई, हें काय करितां?" असें आम्हीं विचारलें.

ती म्हणाली, "पाळकसाहेब, तिच्यात बाहेरचं असतंय. मागल्या साली माझ्या बहिणीच्या पोराला असंच वारं लागलं. दुपारी रानात वावटळीत सापडलं अन् सांजच्याला तापानं फणफणलं. अंगारा लावला, उतारा टाकला. चार दिवस ताप हटला न्हाई."

"मग दवाखान्यांत केव्हां नेलें?"

"पाचव्या दिवशी. तवर पोर पार सुकून गेलं हुतं. सलाईन लावलं, तवा कुठं डोळं उघडलं."

वाचकहो, तें मूल वांचलें हें खरें, परंतु चार दिवस फुकट गेले, आणि अशा वेळीं चार दिवस म्हणजे कधीं कधीं सारें आयुष्य असतें. तेव्हां वावटळींत कोण असतें, हा प्रश्न लहान मुलांच्या करमणुकीचा नाहीं. त्याचें उत्तर घरांतील वडील माणसांस नीट ठाऊक असलें पाहिजे. म्हणून ह्या धड्यांत आपण धुळीचाच अभ्यास करूं; आधीं खुलताबादच्या माळावरील धुळीचा, आणि मग तिच्या साहाय्यानें कोट्यवधि कोस दूर असलेल्या मंगळ ग्रहावरील धुळीचा. कारण धुळीचा कायदा दोन्हीकडे एकच आहे.

१. वावटळ कशी उठते

उन्हाळ्यांत भर दुपारीं नांगरलेल्या काळ्या जमिनीवर अनवाणी पाय ठेववत नाहीं. त्या तापलेल्या जमिनीला लागून असलेली हवा तापते, हलकी होते व वर चढूं लागते. चुलीवरचा धूर वर जातो तसेंच हें आहे. ती हवा वर गेली कीं तिची जागा भरण्यास चोहोंकडून दुसरी हवा धांवत येते. ही येणारी हवा अगदीं सरळ रेषेंत येत नाहीं. थोडीशी तिरपी येते, आणि त्यामुळें मध्यावर एक भोंवरा तयार होतो.

आतां हा भोंवरा इतक्या जोरानें कां फिरतो, हें समजण्यासाठीं एक लहानसा प्रयोग करून पाहा. दोऱ्याच्या टोंकाला लहान खडा बांधून तो बोटाभोंवतीं फिरवा आणि दोरा बोटावर गुंडाळूं द्या. दोरा जसजसा आंखूड होतो, तसतशा खड्याच्या फेऱ्या अधिक भराभर होतात. हवेचेंहि तसेंच आहे. बाहेरून हळूहळू फिरत आलेली हवा मध्याकडे ओढली गेली, म्हणजे तिचें फिरणें फार वाढतें. मग ती धूळ, पाचोळा, कडबा, जें हातीं लागेल तें उचलून वर नेते. धूळ नसती तर वावटळ आपणांस दिसलीहि नसती.

आतां विचार करा. वावटळ नेहमीं ऊन तापल्यावर येते. रात्रीं येत नाहीं. पाऊस पडून रान ओलें झालें म्हणजे येत नाहीं. दाट झाडींत क्वचितच दिसते. तिच्यांत भूत असतें, तर त्यानें अमावास्येच्या मध्यरात्रीं यावयास हवें होतें, आणि ओल्या रानाचें त्याला भय वाटण्याचें कारण नव्हतें. उलट ज्या ज्या ठिकाणीं व ज्या ज्या वेळीं जमीन अतिशय तापते, तेथें व तेव्हांच ती उठते. ह्यावरून तिचें मूळ कशांत आहे हें उघड होतें.

आणि त्या बाईच्या भाच्यास ताप कां आला? वैशाखांतील ज्या दुपारीं वावटळ उठते, त्याच दुपारीं ऊन लागतें. दोघांची वेळ एकच. मूल उन्हांत खेळत होतें, पाणी प्यालें नव्हतें. ऊन बाधलें असेल, किंवा दुसरा कांहीं आजार आधींच अंगांत असेल. वावटळ तेवढी डोळ्यांना दिसली, म्हणून दोष तिच्यावर आला.

२. वारा धूळ कशी उचलतो

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं खळ्यांत उपणणी केली आहे. वावडीवर उभें राहून पाटी हालविली म्हणजे काय होतें? दाणा सरळ पायाशीं पडतो, भूस थोडें दूर जाऊन पडतें, आणि बारीक कोंडा व धूळ वाऱ्याबरोबर शेजारच्या शेतापर्यंत जाते. एकच वारा, परंतु तो जड व हलकें ह्यांची वांटणी करितो. पृथ्वीवरील प्रत्येक वाळवंटांत हीच उपणणी चाललेली आहे.

जमिनीवरील कण तीन प्रकारांनीं चालतात. जाडी खडी घरंगळत जाते. वाळूचा कण उड्या मारीत जातो. वर उडतो, वाऱ्याबरोबर कांहीं अंतर जातो, खालीं आपटतो व पुन्हा उडतो. आणि धूळ तरंगत जाते. ती एकदां वर गेली कीं दिवसच्या दिवस खालीं येत नाहीं.

येथें एक नवलाची गोष्ट आहे. आपणांस वाटेल कीं जितका कण बारीक तितका तो वाऱ्यानें लवकर उचलला जाईल. परंतु तसें होत नाहीं. अति बारीक धूळ एकमेकींस चिकटून बसते, आणि जमिनीलगतची जी अगदीं पातळ अशी शांत हवा असते, तिच्या आंत ती दडून राहते. गाडीवाटेवरील पिठासारखा फुफाटा पाहा. वाऱ्याची साधी झुळूक त्याच्यावरून निघून जाते व तो हालत नाहीं. परंतु सायंकाळीं गुरें परतूं लागलीं म्हणजे खुरांच्या आघातानें तीच धूळ आकाशांत जाते. म्हणूनच आपल्या वडिलांनीं त्या वेळेस गोरज असें नांव दिलें. वाळवंटांत खुरांचें काम वाळूचे कण करितात. वाळूचा कण उडी मारून खालीं आपटतो, आणि त्या आघातानें बारीक धूळ उसळून वर जाते.

ही गोष्ट नीट मोजून दाखविणारा मनुष्य म्हणजे राल्फ बॅग्नोल्ड हा इंग्रज लष्करी इंजिनियर होय. तो मिसर व लिबिया येथील वाळवंटांत मोटारी घेऊन हिंडला, मग परत जाऊन त्यानें लांकडी बोगद्यांत वारा सोडून वाळूचे प्रयोग केले, आणि १९४१ सालीं वाळूच्या चालीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मंगळावरील वाळूचा अभ्यास करणारे लोक आजहि त्याच्याच पायावर उभे आहेत. मंगळावर क्युरिऑसिटी नांवाच्या यंत्रगाडीनें २०१५ सालाच्या अखेरीस ज्या काळ्या टेकड्यांचा जवळून अभ्यास सुरू केला, त्यांस बॅग्नोल्डचेंच नांव दिलेलें आहे.

३. तोच दगड, दुसरें आकाश

मंगळ हा पृथ्वीचा धाकटा भाऊ आहे असें म्हणतां येईल. त्याचा व्यास सुमारें ६,८०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या निम्म्याहून थोडा अधिक. त्याचा दिवस आपल्या दिवसाहून सुमारें ४० मिनिटांनीं मोठा, आणि वर्ष आपल्या ६८७ दिवसांचें. तेथें वस्तूचें वजन येथल्या तीन-अष्टमांश भरतें. येथें ८० किलो भरणारें ज्वारीचें पोतें तेथें ३० किलोच भरेल.

परंतु आमच्या मराठवाड्यांतील वाचकांस अधिक जवळची गोष्ट ही कीं मंगळाची बरीचशी जमीन आपल्याच जातीच्या काळ्या दगडाची आहे. ज्या कातळांत वेरूळचीं लेणीं कोरलीं, ज्यावर दौलताबादचा किल्ला उभा आहे, तो काळा पाषाण सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या पोटांतून रस होऊन वर आला व थरावर थर निवत गेला. त्यास बेसाल्ट म्हणतात. मंगळावरहि असाच रस वाहून निवालेला आहे. म्हणून बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर पाहण्यास दूरदूरचे विद्वान येतात. आकाशांतून पडलेल्या अशनीच्या आघातानें काळ्या पाषाणांत तो सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला, आणि मंगळावरील खड्डे समजून घेण्यास तो एक नमुना आहे.

मग मंगळ लाल कां दिसतो? उत्तर आपल्या घरांतील गंजलेल्या विळ्यांत आहे. काळ्या पाषाणांत लोखंडाचा अंश असतो. घाटरस्त्यांवर डोंगर कापलेला असतो तेथें दोन काळ्या थरांच्या मध्यें विटकरी रंगाचा पट्टा कांहीं ठिकाणीं दिसतो; तो रंग लोखंडाच्या गंजाचाच. मंगळावरील बारीक धूळ ही अशीच गंजलेली आहे. ती सर्वत्र पसरली आहे, म्हणून सारा ग्रह तांबडा दिसतो. जेथें वाऱ्यानें धूळ झाडून नेली आहे, तेथें खालचा काळा दगड व काळी वाळू उघडी पडते.

दगड एक असला तरी आकाश मात्र निराळें आहे. मंगळावरील हवा फार विरळ आहे. तिचा दाब पृथ्वीवरील हवेच्या दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनहि कमी, आणि ती बहुतेक कार्बन डायऑक्साइड वायूची आहे. हवा विरळ असली म्हणजे वाऱ्याचा धक्का हलका लागतो. तेथें ताशीं १०० किलोमीटर वेगानें वारा सुटला, तरी अंगाला तो येथील ताशीं १३ किलोमीटरच्या झुळुकेसारखा वाटेल. अशा वाऱ्यानें वाळू कशी उडावी? तर एखाद्या जोरदार झपाट्यानें कांहीं कण एकदां उडाले कीं पुढील काम सोपें होतें. तेथें वजन कमी असल्यानें कण लांब व उंच उडी मारितो, खालीं येतांना जोरानें आदळतो व दुसऱ्या कणांस उडवितो. एका मेंढरानें उडी मारिली कीं सारा कळप मागून उड्या मारितो, तसेंच हें होय.

आणि वावटळी? मंगळावर त्या पुष्कळ उठतात, आणि येथील वावटळी त्यांच्यापुढें लेंकरें ठरतील. २०१२ सालच्या मार्च महिन्यांत मंगळाभोंवतीं फिरणाऱ्या एका यानानें सुमारें २० किलोमीटर उंचीच्या वावटळीचें छायाचित्र घेतलें. २०२१ सालच्या सप्टेंबरांत पर्सिव्हिअरन्स नांवाच्या यंत्रगाडीच्या अंगावरूनच एक वावटळ गेली. त्या गाडीवर आवाज टिपण्याचें साधन होतें, म्हणून तिच्यांतील धुळीचे कण आपटल्याचा आवाज मनुष्यांनीं पृथ्वीवर बसून ऐकला. त्या निर्जन माळावर भूत होण्यास कोणी मेलेला मनुष्यच नाहीं; तरी वावटळ आहे. तापलेली जमीन, वर चढणारी हवा व सुटी धूळ एवढ्या तीन वस्तु असल्या कीं पुरे.

४. शहाण्यांसहि धुळीनें फसविलें

आमच्या खेड्यांतील बायाबापड्यांसच धुळींत भुतें दिसतात असें कोणी म्हणूं नये. मोठमोठ्या विद्वानांसहि दिसलीं. १८७७ सालीं इटलींतील शियापारेली नांवाच्या ज्योतिष्यानें दुर्बिणींतून मंगळावर रेघा पाहिल्या. पुढें अमेरिकेंतील पर्सिव्हल लॉवेल ह्यानें त्या रेघा म्हणजे तेथील रहिवाशांनीं खणलेले कालवे होत असें प्रतिपादन केलें. शिवाय मंगळावरील काळसर डाग ऋतूप्रमाणें लहान-मोठे होतात असें दिसे. त्यावरून पुष्कळ जण म्हणत कीं तेथें वसंतांत झाडपाला फुटत असला पाहिजे.

१९७१ सालीं अमेरिकेचें मरिनर ९ हें यान मंगळाजवळ पोहोंचलें व त्याच्याभोंवतीं फिरूं लागलें. दुसऱ्या ग्रहाभोंवतीं फिरणारें तें पहिलेंच यान. नोव्हेंबर महिना होता. परंतु पाहतात तों काय? साऱ्या ग्रहावर धुळीचें वादळ माजलेलें. जमीन कोठेंच दिसेना. केवळ कांहीं अति उंच पर्वतांचीं शिखरें धुळीच्या वर काळ्या ठिपक्यांसारखीं दिसत होतीं. शास्त्रज्ञांनीं घाई केली नाहीं. यान फिरत राहिलें, धूळ हळूहळू खालीं बसली, आणि १९७२ सालच्या आरंभीं पडदा दूर होऊन ज्वालामुखी, दऱ्या व कोरडीं पात्रें दिसूं लागलीं. कालवे मात्र नव्हते, आणि झाडपालाहि नव्हता. डाग बदलत होते ते वाऱ्यानें धूळ इकडून तिकडे नेल्यामुळें. एके ठिकाणची धूळ झाडली गेली कीं काळा दगड उघडा पडे. पुन्हा धूळ बसली कीं तो झांकला जाई.

ह्यांत आम्हांस एक मोठा धडा दिसतो. धुळींतून पाहिलेल्या वस्तूविषयीं लगेच मत बनवूं नये. ती खालीं बसेपर्यंत थांबावें व मग पाहावें.

५. सारा ग्रह झांकणारें वादळ

मंगळाचा मार्ग वाटोळा नसून बराच लांबट आहे. तो सूर्याच्या जवळ येतो तेव्हां त्यास दूर असतांनापेक्षां सुमारें ४० टक्के अधिक ऊन मिळतें. त्या काळांत तेथील दक्षिण भागीं वसंत व उन्हाळा असतो, आणि मोठीं वादळें बहुधा तेव्हांच उठतात. हवेंत चढलेली धूळ ऊन शोषून घेते. त्यामुळें हवा तापते. हवा तापली कीं वारा वाढतो. वारा वाढला कीं आणखी धूळ चढते. अशी एकमेकांस चढ लागते व कधीं कधीं सारा ग्रह झांकला जातो. १९७१, १९७७, २००१, २००७ व २०१८ ह्या सालीं अशीं वादळें झालीं. शेवटीं धुळीनें जमिनीवर सावली धरिली कीं जमीन निवते, वारा मंदावतो व मग कित्येक आठवड्यांनीं धूळ खालीं बसते.

२०१८ च्या वादळाची कथा सांगण्यासारखी आहे. ऑपॉर्च्युनिटी, म्हणजे संधि, ह्या नांवाची एक यंत्रगाडी २००४ सालच्या जानेवारींत मंगळावर उतरली. ती ९० दिवस चालली म्हणजे पुरे, असा तिच्या कर्त्यांचा हिशेब होता. ती उन्हावर चालत असे, आणि तिच्या पाठीवरील तावदानांवर धूळ बसून ऊन अडेल ही भीति होती. परंतु वारा व वावटळी मधून मधून येऊन तीं तावदानें झाडून जात! ज्या वावटळीवर आपण चप्पल फेंकतों, ती त्या गाडीस झाडूवाली होऊन भेटली. अशा रीतीनें ती गाडी ९० दिवसांऐवजीं चौदा वर्षांहून अधिक टिकली व ४५ किलोमीटर चालली. मग २०१८ सालच्या जूनमध्यें महावादळ आलें. आकाश इतकें काळवंडलें कीं भर दिवसां रात्र झाली. १० जूनला तिचा शेवटचा संदेश आला. तिच्या माणसांनीं तिला हजाराहून अधिक वेळां हांका मारिल्या. उत्तर आलें नाहीं. १३ फेब्रुवारी १९ रोजीं, म्हणजे २०१९ सालीं, तिचें काम संपल्याचें जाहीर झालें.

इनसाइट नांवाचें दुसरें यंत्र २०१८ च्या नोव्हेंबरांत उतरलें. त्याच्याहि तावदानांवर धूळ सांचली, आणि ती झाडणारी वावटळ कांहीं येईना. तेव्हां २०२१ सालच्या मे महिन्यांत त्याच्या माणसांनीं एक युक्ति केली. यंत्राच्या हातानें थोडी वाळू उचलून ती तावदानाच्या बाजूस वाऱ्यांत हळूहळू सोडली. वाळूचे कण उड्या मारीत तावदानावरून गेले व जातांना कांहीं धूळ घेऊन गेले. धूळ काढण्यासाठीं वाळू टाकावी, हें ऐकून हंसूं येईल. परंतु गोरजाचा नियम ज्यास समजला, त्यास ह्यांत नवल नाहीं. तरी धूळ वाढतच गेली, आणि २०२२ च्या डिसेंबरांत तेंहि यंत्र थांबलें.

आपल्या देशाचें मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजीं श्रीहरिकोटा येथून निघालें व २४ सप्टेंबर २०१४ रोजीं मंगळाभोंवतीं फिरूं लागलें. पोहोंचल्यावर थोड्याच दिवसांत त्यानें सुमारें ७४,५०० किलोमीटर अंतरावरून मंगळाचें जें चित्र पाठविलें, त्यांत ग्रहाच्या उत्तर भागीं उठलेलीं धुळीचीं वादळें दिसत होतीं. सहा महिन्यांसाठीं पाठविलेलें तें यान २०२२ सालापर्यंत टिकलें.

६. ओल आणि मूळ

आतां मुख्य गोष्ट. मंगळावर धुळीचें राज्य कां, आणि आपल्याकडे कां नाहीं? वैशाखांत आमचें खुलताबादहि मंगळासारखेंच लाल-पिवळें होतें. परंतु मृग निघाला, पहिला पाऊस पडला, कीं एका तासांत आकाश धुऊन निघतें, मातीचा वास सुटतो, आणि आठ दिवसांत बांधावर हिरवें दिसूं लागतें. धुळीस धरून ठेवणारीं दोन माणसें आहेत असें समजा. एकाचें नांव ओल व दुसऱ्याचें नांव मूळ. ओल कणांस एकमेकांशीं चिकटविते, आणि मूळ त्यांस जाळ्यांत धरितें. मंगळावर हीं दोन्ही नाहींत. तेथें मृग नक्षत्राचा पाऊस कधींच पडत नाहीं. तेथें उडालेली धूळ खालीं बसते ती पुन्हा उडण्याकरितांच.

परंतु आपण हीं दोन माणसें स्वतःच्या हातानें घालवूं शकतों. अमेरिकेच्या मधल्या प्रांतांत मैलोगणती गवताळ जमीन होती. गव्हाच्या लोभानें लोकांनीं तें गवत नांगरून टाकलें. १९३० नंतर कांहीं वर्षें पाऊस पडला नाहीं, आणि मोकळी माती उडूं लागली. १९३४ सालीं तिकडची धूळ न्यूयॉर्क शहरापर्यंत गेली. १४ एप्रिल १९३५ हा दिवस तर काळा रविवार म्हणून प्रसिद्ध आहे. त्या दिवशीं धुळीची भिंत येऊन दिवसां अंधार पडला. हजारों कुटुंबें घरदार सोडून गेलीं. त्याच वर्षीं त्या देशांत माती राखण्याचा कायदा झाला.

धुळीस सरहद्द नसते. २०२२ सालच्या जानेवारींत सिंधकडे उठलेलें धुळीचें वादळ समुद्रावरून गुजराथेंत व मुंबईस आलें. गाड्यांवर पांढुरकी भुकटी बसली. आणि धूळ सर्वदा वाईटच असते असेंहि नाहीं. आफ्रिकेंतील सहारा वाळवंटाची धूळ दर वर्षीं समुद्र ओलांडून दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉनच्या अरण्यांत पडते व तेथील झाडांस खत पुरविते. एका ठिकाणची गेलेली माती दुसऱ्या ठिकाणीं कामीं येते. परंतु ज्याच्या शेतांतून ती गेली, त्याला त्याचें समाधान काय?

७. आपण काय करावें

पहिलें, शेताविषयीं. आमच्या पठारावर मातीचा मोठा चोर पाणी आहे, वारा हा धाकटा चोर. परंतु दोघांस घरांत येण्याचें दार एकच, तें म्हणजे उघडी जमीन. म्हणून पीक काढल्यावर धसकटें व पालापाचोळा जाळूं नये. तो जमिनीवर राहूं द्यावा. उन्हाळी नांगरटीचीं ढेकळें तशींच राहूं द्यावीं. माती पिठासारखी बारीक करून वैशाखाच्या वाऱ्यापुढें ठेवूं नये. वाऱ्याच्या आडव्या बांधावर झाडें लावावीं. बोटभर माती तयार होण्यास शेंकडों वर्षें लागतात, आणि ती जाण्यास कांहीं हंगाम पुरतात.

दुसरें, श्वासाविषयीं. एक मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. दहा मायक्रॉनहून बारीक धूळ छातींत शिरते, आणि अडीच मायक्रॉनहून बारीक धूळ फुप्फुसाच्या अगदीं खोल जाते. तेव्हां मळणीच्या वेळीं, खडी फोडतांना, रस्ता झाडतांना नाकातोंडास कापड बांधावें. अंगणांत सडा घालून मग झाडावें. दम्याच्या व क्षयाच्या रोग्यांस, म्हाताऱ्यांस व तान्ह्या मुलांस धुळींतून दूर ठेवावें. वावटळ येतांना दिसली तर मुलाचे डोळे व तोंड झांकावें, पाठ फिरवून उभें राहावें; एवढाच तिच्यावर उतारा आहे.

तिसरें, आजाराविषयीं. भर दुपारीं मुलांस उन्हांत सोडूं नये व वारंवार पाणी पाजावें. मुलास ताप आला, तें मलूल झालें, पाणी पिईना, लघवी कमी झाली, तर अंगारा व उतारा ह्यांत एक दिवसहि न घालवितां त्याच दिवशीं दवाखान्यांत न्यावें. उपदेशक बंधूंनीं हें कुटुंबांतून आवर्जून सांगावें. ज्या बाईस भीति वाटते तिला हंसूं नये. तिची भीति लेकराच्या मायेंतून आलेली असते. हंसलों तर ती आपलें ऐकणार नाहीं. समजावून सांगितलें तर तिचेंच लेकरूं वांचेल.

आम्हींहि त्या दिवशीं त्या बाईस हंसलों नाहीं. तिची चप्पल रानांत दूर जाऊन पडली होती आणि ढेकळें निखाऱ्यासारखीं तापलीं होतीं. आम्ही म्हणालों, "चला, आपण दोघें ती आणूं." जेथें धुळीचा खांब उभा होता तेथेंच ती पडली होती. ती बाई भीत भीत त्या जागीं आली. तिनें इकडे तिकडे पाहिलें. ऊन ऊन माती, चार वाळलेलीं पानें, कापसाचा एक बोंडका, आणि तिची चप्पल. ह्यावांचून तेथें कांहीं नव्हतें. तिनें चप्पल झटकून पायांत घातली, लेकराच्या केसांतील धूळ हातानें झाडली, आणि म्हणाली, "बहिणीला सांगते." आम्हांस वाटतें, त्या दिवसाचा धडा आमच्यापेक्षां तिनेंच अधिक चांगला पुरा केला.

वर्गांत विचारण्याचे प्रश्न

१. वावटळ रात्रीं व पावसानंतर कां उठत नाहीं?
२. खळ्यांतील उपणणीवरून वाळू व धूळ ह्यांच्या चालींतील भेद सांगा.
३. गोरज म्हणजे काय? इनसाइट यंत्राच्या युक्तीशीं त्याचा काय संबंध आहे?
४. मंगळाची धूळ तांबडी व वाळू काळी कां?
५. १९७१ सालच्या वादळांत शास्त्रज्ञांनीं काय केलें, आणि त्यापासून आपण काय शिकावें?
६. तुमच्या शेतांत ओल व मूळ राखण्यासाठीं ह्या वर्षीं तुम्ही कोणती एक गोष्ट कराल?